अनसूच्या आवाजाचा राघू

बोलणारा राघू सगळ्यांना हवा असतो. बोलायला शिकत असलेला राघू घरात ठेवायला मात्र छाती लागते. हे मी गिऱ्हाइकाला आधी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी निम्मी पिल्लं माझ्याच घरात म्हातारी झाली असती.

आमचं घर कारंजा गावातलं. यजमान तारेचे पिंजरे, चाळण्या आणि उंदरांचे सापळे करत. राघूला बांबूचा पिंजरा चालत नाही. कुरतडून कुरतडून तो स्वतःला दार करून घेतो. पिंजरा रिकामा टांगला तर कुणी ढुंकून पाहत नाही, आत राघू असला की माणसं थांबतात, हे सासऱ्यांच्या ध्यानात आलं आणि पिल्लं वाढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा मला कोंबडीचं पिल्लूसुद्धा धरता येत नव्हतं. पुढं सारा जन्म त्यातच गेला. बाजारात मला नावानं कुणी ओळखत नव्हतं. सगळ्यांची मी राघूवाली.

फाल्गुन लागला की मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून बाया टोपल्यांत पळसाची पानं अंथरून पिल्लं आणत. जुन्या कडुनिंबाच्या, मोहाच्या ढोलीतून काढलेली. अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले, पोट फुगलेलं, डोकं अंगापेक्षा जड. पहिल्या वर्षी टोपलीवरचं फडकं उचललं आणि मी किंचाळले. म्हातारी माणसं कुणीतरी लहान करून टोपलीत भरून ठेवलीत असं वाटलं. पिल्लं काढताना त्यांचे आईबाप झाडाभोवती ओरडत फिरतात, असं त्या बाया सांगायच्या. मी ते ऐकायला कधी गेले नाही.

मडक्यात जुनेर घालून त्यांना उबेत ठेवायचं, डाळ्याचं पीठ कोमट पाण्यात कालवून बोटानं भरवायचं, गळ्याची पिशवी फुगली की थांबायचं. एवढं कुणीही शिकेल. खरं काम पिल्लू विकल्यानंतर सुरू होई. गिऱ्हाईक परत येई आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून हळू आवाजात विचारी, "बाई, याच्यात काही हाय का?"

रिसोडच्या एका दुकानदाराच्या घरचे लोक असेच आले होते. दिवेलागणीला घरात कर्र कर्र आवाज येतो, कुणीतरी दात खातंय असा. त्यांनी आढं तपासलं, कणगी हलवली, मांजर आणलं. मांजर पिंजऱ्याखाली जाऊन बसलं तेव्हा त्यांना कळलं की आवाज राघूचा आहे, आणि मग ते जास्तच घाबरले. मी म्हटलं, पोट भरलं, ऊब मिळाली, भीती नाही, म्हणजे झोपेआधी राघू वरची चोच खालच्या चोचीवर घासतो. लेकराच्या घोरण्याला भिता का? मग याला काय भ्यायचं?

अशी पुष्कळ कोडी. भुकेलं पिल्लू मान खालीवर अशी हापसतं की देवी अंगात आलेली बाई आठवावी. डोळ्यातलं बुबुळ टिचकीसरशी बारीक होतं, मोठं होतं. कधी राघू एकाएकी सगळी पिसं अंगाला चिकटवून काठीसारखा बारीक होतो आणि छताच्या एका कोपऱ्याकडे एका डोळ्यानं पाहत राहतो. हालत नाही, खात नाही. घरातली माणसंही मग त्या कोपऱ्याकडे पाहतात आणि त्यांना तिथं काही दिसत नाही. मी त्यांना सांगायची, तो पाहतो तेव्हा तिथं काहीतरी असतंच. पाल असते, कोळी असतो, नाहीतर कौलाच्या फटीतून वर घारीची सावली गेलेली असते. आपल्याला ते दिसत नाही, इतकंच.

आणि शेवटचं कोडं पुटपुटण्याचं. राघू पहिल्या दिवशी चारचौघांत बोलत नाही. संध्याकाळी, घर शांत असताना, तो पाठ फिरवून स्वतःशीच तोंडात घोळवतो. दारावरची हाक, म्हाताऱ्याचा खोकला, बायकांचं भांडण, सगळं एकमेकांत मिसळलेलं, शेजारच्या खोलीत माणसं बसलीत आणि शब्द कळत नाहीत असं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण त्यालाही एक नेम आहे, आणि माझा सगळा धंदा त्या नेमावर उभा होता. जे त्यानं ऐकलं नाही ते राघू बोलत नाही. एकदा ऐकलेलंही सहसा बोलत नाही. पुन्हा पुन्हा ऐकलेलं बोलतो.

आता नारायणरावांच्या राघूचं सांगते. त्यांचं गाव धनजच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही मी बदलली आहेत.

एका चैत्रात ते बाजारच्या दिवशी दुकानापुढं उभे राहिले. तिशीचा शेतकरी माणूस, घरची बरी शेती, अंगात स्वच्छ सदरा. पिंजऱ्यांकडे न पाहता थेट पिल्लांच्या टोपलीशी बसले.

"बोलन का यातला एखादा?"

"बोलन. पन घाई नका करू. पावसाळा जाऊ द्या."

त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. पिल्लू त्यांच्या अंगठ्याला चोच लावून मान हापसू लागलं. ते म्हणाले, "आमच्या घरात कोनी बोलत नाही, बाई. हा तरी बोलन म्हनून नेतो."

त्याचं कारण सोबतच्या गड्यानं पिंजरा गाडीत ठेवताना सांगितलं. आदल्या साली गावात देवी आल्या होत्या. त्यात यांची एकुलती एक पोर गेली, अनसू. तेव्हापासून मालकीणबाई कुणाशी बोलत नाहीत.

मार्गशीर्षात ते परत आले. पिंजरा बरोबर नव्हता. यजमानांनी त्यांना बसायला पोतं टाकलं, पण ते उभेच.

"बाई, तुमी मले दिला तो राघूच हाय ना?"

असा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता आणि नंतरही नाही.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. भादव्यात राघूच्या डोक्यावर, मानेवर पांढरे काटे फुटले. त्यांच्या आईनं पाहिलं आणि म्हणाली, पोरीच्या अंगावर होत्या तशा देवी याच्या अंगावर निघाल्या. मग तो कोपऱ्याकडं पाहत बसू लागला. तिथवर कुणी काही बोललं नाही. कापूस घरात यायला लागला तेव्हा तो बोलला.

"दिवेलागनीले बोलते. पोरीच्या आवाजात."

"कोनत्या पोरीच्या?"

"माह्या."

"काय म्हनते?"

त्यांनी समोर टांगलेल्या चाळणीकडं पाहिलं. "हळू ना माय, दुखते. एवढंच. हळू ना माय, दुखते." मग म्हणाले, "ते गेली तवा मी तिच्यापाशी नव्हतो. मले जवळ येऊ देत नव्हते. तिले अजून दुखून राह्यलं का, बाई?"

पोर देवीत गेली आदल्या साली, आणि माझं पिल्लू त्या घरात गेलं त्यानंतर. त्यानं त्या पोरीचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता.

गावच्या भगतानं सांगितलं होतं की पोरीचा जीव राघूत अडकला आहे, अवसेला राघू पोत्यात बांधून नदीत सोडला की ती सुटेल. नारायणरावांच्या आईला ते पटलं होतं. अवस दुसऱ्याच दिवशी होती. "तुमी एकदा येऊन पाहा," ते म्हणाले. "मंग जे होईन ते होईन."

यजमानांना माझं जाणं आवडलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही. मी नारायणरावांच्या गाडीतच गेले.

घर मोठं, पण आवाज नसलेलं. ओसरीवर आढ्याला पिंजरा टांगलेला. ओसरीला लागून कापसाची खोली, दारापर्यंत भरलेली. दार उघडलं की कापूस पायावर यावा अशी. नारायणरावांची आई, भागरताबाई, उंच, कोरड्या चेहऱ्याची बाई. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमाले आनाची गरज नव्हती. काय करा लागते ते ठरलं हाय."

सून पाणी घेऊन आली. तिचं नाव द्वारका. मला वाटलं होतं, विस्कटलेली, वाळलेली बाई असेल. तर केस तेल लावून चापून बसवलेले, कुंकू ठळक, लुगडं नीट. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. पिंजऱ्याशी गेली, तारेतून बोट आत घातलं. राघूनं मान वाकवून तिच्या बोटाखाली दिली. ती खाजवत राहिली आणि तिच्या बोटांवरून पिठासारखी पांढरी भुकटी खाली पडत राहिली.

"पाहा," भागरताबाई म्हणाल्या. "तेच काटे. अजून हायेत."

मी पिंजरा खाली घेतला. काटे म्हणजे नवी पिसं होती. राघू पहिल्यांदा पिसं टाकतो तेव्हा नवं पीस कातडीतून सुईसारखं वर येतं, वर पापुद्रा घेऊन. तो पापुद्रा फुटून त्याची भुकटी होते आणि आतून पीस उलगडतं. सगळ्या अंगावरचे पापुद्रे राघू स्वतः चोचीनं फोडतो, पण डोक्यावर त्याची चोच पोचत नाही, म्हणून तो मान पुढं करतो. कोवळ्या सुईला बोट जोरात लागलं तर दुखतंही. हे सगळं मी भागरताबाईंना दाखवलं, एक सुई नखानं उकलून आतली हिरवी टोकं दाखवली. कोपऱ्याकडं पाहण्याचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "अन् आवाज?"

"तो ऐकल्यावर सांगीन."

दिवेलागणीला मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले. नारायणराव अंगणात बैलांपाशी उभे, पाठ आमच्याकडं. राघूनं पाठ फिरवली, एक पाय पोटात घेतला आणि तोंडात घोळवायला लागला. आधी गाडीच्या चाकाचा आवाज. मग कोंबडी. मग एका बाईचा, दबका, "उगी, उगी, झालंच." आणि मग त्याच्याच गळ्यातून, बारीक, रडवेला, अगदी जवळून:

"हळू ना माय. दुखते."

मी राघूंचे शेकडो आवाज ऐकलेले. राघूची नक्कल असते तेव्हा त्यात थोडी चोच ऐकू येते, जाणत्या माणसाला ती कळते. या आवाजात चोच नव्हती. अंगणात नारायणरावांनी बैलाच्या मानेवर कपाळ टेकलं. भागरताबाई आतून ओरडल्या, "झाकन घाला त्याच्यावर!" द्वारका स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिच्या पोळपाटाचा आवाज मात्र थांबला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. कापूस वेचायला सगळी माणसं शेतात. भागरताबाई मला म्हणाल्या, "चाला, वावर पाहा आमचं." मी म्हटलं, मला राघूजवळ बसायचं आहे. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा जोरानं. मी म्हटलं, ऊन बाधतं मला. त्या दारात घुटमळल्या, पाहत राहिल्या आणि गेल्या. मला वाटलं, घरात परकी बाई एकटी ठेवायची नसेल.

मी राघूला पिंजऱ्यातून काढून मांडीवर घेतलं. तो माझ्याच हातचा, ओळख विसरला नव्हता. लुगड्याचा काठ चोचीत धरून बसला. ऊन उतरणीला लागलेलं, अंगणात चिमणीसुद्धा नाही. मला डुलकी येत होती.

"हळू ना माय. दुखते."

मी राघूकडं पाहिलं. त्याच्या चोचीत लुगड्याचा काठ होता. तो काठीसारखा बारीक झाला होता, बुबुळं लहान मोठी होत होती, आणि तो कापसाच्या खोलीच्या दाराकडं एका डोळ्यानं पाहत होता.

"हळू ना."

आवाज दाराआडून येत होता.

उठून जाणं मला कसं जमलं ते आज सांगता येत नाही. राघू खांद्यावर चढून बसला. मी दार लोटलं. आत अंधुक, सगळीकडं पांढरं, कापसाचा उबट वास. त्या ढिगावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. हातात फणी होती आणि ती फणी हवेत वरून खाली, वरून खाली फिरत होती.

"उगी, झालंच," द्वारका म्हणाली, तिच्या आवाजात. "केसायचा गुताडा झाला किती. खेळाले जातं तवा बांधून जात जाय." आणि लगेच, मान जराशी तिरपी करून, त्या दुसऱ्या आवाजात, "हळू ना माय. दुखते."

म्हणजे पोर मरताना म्हणत होती ते नव्हतं ते. वेणी घालताना म्हणत होती.

माझ्या खांद्यावरून राघू बोलला. "उगी, झालंच." द्वारकेनं मागं पाहिलं. दचकली नाही. फणी मांडीवर ठेवली.

"तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

"मंग खरंच येते ते. मले वाटे मलेच ऐकू येते."

"द्वारका, तूच तं बोलत होती."

"तोंड माहं हाय," ती शांतपणे म्हणाली. "पन मी नाही बोलत."

मागं पायरव झाला. भागरताबाई दारात उभ्या होत्या, वेचणीची ओटी तशीच कंबरेला, धापा टाकत. वेचणी अर्धवट टाकून शेतातून पळत परत आल्या असाव्यात. त्यांनी सुनेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझा दंड धरून मला परसात नेलं.

"तुमाले म्हटलं होतं ना, वावरात चाला!"

"तुमाले ठाऊक होतं?"

"मले ठाऊक नसन तं कोनाले असन? दिवाळीपासून दुपारच्याले मी घरात माणूस ठेवत नाही. तिचं होऊ देतो, मंग येतो." त्यांचा आवाज बसला होता. "शेजारनीनं एकदा ऐकलं. इचारलं मले, तुमच्या घरात पोर कोनाची रडते? माह्या तोंडून निंगून गेलं, राघू बोलते. लोकायले ते पटलं. मंग तो मेला खरंच बोलाले लागला."

"म्हून त्याले बुडवून राह्यले?"

"राघू बुडवतीन तं बुडवू द्या. सून बोलते म्हटलं असतं तं काय केलं असतं, माहीत हाय? वरच्या आळीतल्या एका बाईच्या अंगात हाय म्हनून भगतानं तिले खांबाले बांधून मिरचीची धुनी देली. ते आता गोठ्यात राह्यते. बोलत नाही, वळखत नाही." त्यांनी ओटी सोडली, कापूस पायाशी सांडला. "माही नात गेली. सून मी नाही देत."

आदल्या दिवशी या बाईला मी मनात काय काय म्हटलं होतं.

मी म्हटलं, "अन् राघू नदीत गेल्यावर आवाज आला तं? तवा कोनाचं नाव सांगसान?"

त्या खाली बसल्या. हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. घरात राघू होता म्हणून घरातला आवाज राघूचा होता. राघू गेल्यावर आवाजाला दुसरा धनी कोण? त्या मातीत बोट फिरवू लागल्या. मग म्हणाल्या, "सांगा काय करू."

संध्याकाळी भगत आला. बरोबर गावातली माणसं. अंगणात पोतं, दोर, नारळ. भगत तसा साधा दिसणारा माणूस, आवाज मऊ. तोच मऊ आवाज मला पोत्यापेक्षा भयंकर वाटला. राघूनं नेमका तेव्हाच तोंड उघडलं आणि ते वाक्य म्हटलं. अंगणातल्या बायांनी पदर तोंडाला लावले.

मी ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिले. "तो आवाज अनसूचा नाही," मी म्हटलं. "माह्या शेजारच्या पोरीचा हाय. कारंज्याच्या. हे पिलू माह्या घरी वाढलं, तवा तिचा आवाज त्याच्या कानात बसला. आता तोंडात आला. कवळे राघू असंच करतात."

भगत हसला. "तुह्या शेजारच्या पोरीले काय दुखते, बाई?"

"वेणी," मी म्हटलं. "तिची माय रोज तिची वेणी घालते. गुताडा काढते. पोर रडते, हळू ना माय, दुखते. दुसरं काही नाही. वेणी घालतानीचं रडनं हाय ते."

अंगणात कुणीतरी बाई हसली. ज्या घरात पोर आहे त्या घरातलं रोजचं रडणं होतं ते. प्रत्येकीनं ते ऐकलेलं होतं. एकदा तसं ऐकू आल्यावर ते दुसरं कशाचं वाटेना.

नारायणराव एवढा वेळ खांबाला धरून उभे होते. "वेणी?" ते म्हणाले.

"वेणी," मी म्हटलं.

ते जागच्या जागी खाली बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून रडले. माणसांदेखत, आवाज करून. त्यांनी द्वारकेकडं पाहिलं नाही. मला वाटलं, मुद्दाम पाहिलं नाही.

भगतानं नारळ उचलला. जाताना लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, ही राघूवाली लोकांच्या पोरांचे आवाज घालून पाखरं विकते. ते बोलणं फार लांबवर गेलं. धनजच्या बाजूचं गिऱ्हाईक माझ्या दुकानाकडं कितीतरी वर्षं फिरकलं नाही. यजमान कधी कधी त्यावरून बोलत. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. आज ते नाहीत, भागरताबाईही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

निघताना मी भागरताबाईंना एवढंच सांगितलं की राघूचा पिंजरा कापसाच्या खोलीतच टांगा आणि दुपारी त्याला तिथंच राहू द्या.

त्यानंतर दोनेक पावसाळे गेले. धनजला एका नात्यातल्या लग्नाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून मी त्या घरी गेले. द्वारका ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, हात धरून बसवलं, ताक दिलं. बोलत होती. शेतातलं, पाहुण्यांचं, भागरताबाईंच्या गुडघ्यांचं. भागरताबाई आतून अधूनमधून तिला टोकत होत्या आणि ती त्यांना उलट उत्तर देत होती. त्या घरात सासूसुनेचं भांडण ऐकून मला बरं वाटलं.

राघूला गळ्याभोवती गुलाबी कंठ फुटला होता. पिंजऱ्याचं दार उघडंच. तो तांदळाच्या सुपाशी येऊन बसला, मान तिरपी केली आणि त्या बारीक आवाजात म्हणाला,

"माय, दोली नको. लिबीन बांध."

द्वारकेनं सुपातला खडा टाकला. "आता तोच बोलते," ती म्हणाली. "मी नाही बोलत. तवा मीच बोलो, ते आता समजते मले. त्यानं बोलाले घेतलं अन् माहं हळूहळू सुटलं."

"बरं झालं."

"एक इचारू का?" तिनं आत पाहिलं, आवाज खाली आणला. "अनसूले र येत नव्हता. रिबीनीले लिबीन म्हने, दोरीले दोली. मले तिच्यासारकं बोबडं बोलता नाही ये. मी आपली रिबीनच म्हनो, दोरीच म्हनो. लय करून पाह्यलं, तोंडात बसेच ना. मंग याले लिबीन कोनं शिकवलं?"

"नारायणरावानं?"

"ते तिचं नावबी घेत नाहीत."

मी तिला समजावून सांगितलं. राघूची जीभ जाड असते, गोळ्यासारखी. र म्हणायला जीभ थरथरवावी लागते, ते त्याला अवघड जातं. त्याला आधी ल येतो, र मागून. पुष्कळ राघू असंच बोबडं बोलतात, त्यात काही नाही. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलेलं होतं की बोलताना मला विचारही करावा लागला नाही. द्वारकेनं सगळं ऐकून घेतलं.

"असन," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मी ताक संपवून उठले. तेवढ्यात नारायणराव बैल घेऊन अंगणात आले. राघूनं त्यांना पाहिलं, सुपाच्या कडेवर ताठ उभा राहिला, आणि एखाद्या जाणत्या गड्यासारखा, जाड, खणखणीत आवाजात ओरडला,

"राम राम, कारभारी! राम राम!"

एकूण एक र स्वच्छ होता.

द्वारकेचा हात सुपात थांबला. तिनं वर पाहिलं नाही, आणि मीही तिच्याकडं पाहिलं नाही. नारायणरावांना राम राम करून मी गाडीत जाऊन बसले.